बत्तीस जोड आणि माझे सँडल

रा. रा. व्हिलियामे मेहुणे यांस, सुव्हाहून इलाइतियाचा आदरपूर्वक नमस्कार. (हा मान कागदापुरताच. समोर आलास की नेहमीचेच शब्द ऐकायला मिळतील.) इकडे तुझी बहीण, मी आणि कोंबड्या देवाच्या दयेने ठीक. तुझ्या पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? लेव्हुकाची बोट गाठायची म्हणून शनिवारी आमच्या मेरेओनीच्या मागणीतून तू अर्ध्यावर उठून पळालास, आणि खरा तमाशा त्यानंतर झाला. घरचा माणूस म्हणून सविस्तर कळवतो.

तुला माहीतच आहे, मुलाकडचे रेवाहून मागणीचा मान म्हणून देवमाशाचा दात घेऊन येणार, दोन्हीकडचे बोलके लोक भाषणं ठोकणार, आणि मुलीच्या बापाने नुसतं मान खाली घालून बसायचं. मी बसलो. पण बसल्या जागेवरून दाराबाहेर टाकलेला पादत्राणांचा ढीग दिसत होता. काय ती अवस्था! नदीकाठचा चिखल, वाळलेलं गवत, टाचेला चिकटलेला फणस. मी पोलीस बँडात सव्वीस वर्षं मोठा ढोल वाजवलाय. परेडला आमच्या इन्स्पेक्टरसाहेबांना माझ्या सँडलमध्ये स्वतःच्या मिशा दिसत. अशा माणसाच्या दारात हा उकिरडा? यंगोनाच्या मुळांचं पेय दुसऱ्यांदा भांड्यात कालवायला घेतलं आणि त्यांच्या वक्त्याने पणजोबांपासून सुरुवात केली, तसा मी हळूच मागच्या मागे सटकलो.

व्हिलियामे, तू पाहायला हवं होतंस! चामड्याच्या बुटाला आधी कोरडा ब्रश, मग ओलं फडकं, मग वर्षानुवर्षांची पुटं उतरवून अगदी बोटाच्या टोकावर मावेल एवढंच पॉलिश, तेही बारीक गोल गोल फिरवत. (लोक लोण्यासारखं थापतात.) कॅनव्हासला साबण आणि जुना दातांचा ब्रश, आत कागदाचे बोळे, आणि सुकवायचं ते सावलीत. मऊ लवेच्या बुटाला पाण्याचा थेंबही नाही, नुसतं खोडरबर. गमबुटांना खोबरेल. रबरी चपला थेट नळाखाली. दीड तासात बत्तीस जोड! सगळे उंचीप्रमाणे एका ओळीत उभे केले आणि मीच त्यांना सलाम ठोकला.

आत मागणी मान्य झाली, टाळ्या वाजल्या, मंडळी बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. माणूस आपली चप्पल तिच्या मळावरून ओळखतो, हे मला सव्वीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. मुलाची आत्या म्हणाली, "अगं बाई, माझ्या डाव्या चपलेवर डाग होता, तो कुठंय?" त्यावर मुलाचे आजोबा, पेनियासी, काठी आपटून गरजले, "माझे बूट काळे होते! हे तांबडे कुणाचे? मुलगी द्यायची नसेल तर सरळ सांगा ना, म्हाताऱ्याचे बूट कशाला लपवता? उचला रे तो दात!" तुझ्या बहिणीने माझ्याकडे जे पाहिलं ते लिहीत नाही. दारात मेरेओनीचा चेहरा पडला.

पण पोरगी माझी आहे! पुढे येऊन म्हणाली, "बाबा वरून काय वाट्टेल ते करतील, पण आतल्या तळाला कधी हात लावत नाहीत. सगळ्यांनी पाय घालून बघा." खरंच आहे, आत माणसाच्या पायाचा ठसा असतो, तो मी पुसत नाही. एकेक जण पाय घालत गेला आणि एकेकाला आपापलं सापडत गेलं. पेनियासी आजोबांचा वाकडा अंगठा त्या तांबड्या बुटात अचूक बसला. म्हातारा पायरीवरच टेकला. बुटावरून बोट फिरवत म्हणाला, "बायकोने घेतले होते. तांबडेच होते रे. ती गेली, आणि मी हाताला लागेल ते काळं फासत राहिलो." मग माझा हात धरून म्हणाला, "ही पोर लवकर पाठव आमच्याकडे." लग्न पुढच्या महिन्यात ठरलं. माझी छाती अजून फुगलेलीच आहे, शर्टाचं एक बटण तुटलंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा मेहुणा,
इलाइतिया

ता. क. सगळे गेल्यावर एक जोड उरला. एक रबरी चप्पल निळी, एक हिरवी, उजवीला अंगठ्यासाठी कापून भोक पाडलेलं. आणि माझे परेडचे सँडल गायब. ते पुढून रुंद आहेत, तेव्हा तुझ्या अंगठ्याला आराम पडलाच असेल. मेरेओनीला चर्चमध्ये मी नेणार आहे. गुरुवारच्या बोटीने मुकाट्याने पाठव.

पुन्हा ता. क. पाठवताना पुसू नकोस. साधं फडकंही मारू नकोस. तुला म्हणून सांगतो, बँडवाल्यांना कळू देऊ नकोस: पोरगी आठ वर्षांची झाल्यापासून माझे सँडल मी पुसलेलेच नाहीत. इन्स्पेक्टरच्या मिशा दिसायच्या ती चमक मेरेओनीची. शुक्रवारी तिने केलेलं पॉलिश बहुतेक शेवटचंच. जेवढं उरलं असेल तेवढं लग्नाच्या दिवशी मला पायात हवं आहे.