अप्पांचा लॉकर रिकामा करण्याबाबत

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर, कंबर धरली आहे.) भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? इथे सगळं ठीक, म्हणजे अप्पा गेल्यावर जेवढं ठीक असायचं तेवढं. फोनवर हे बोलवत नाही, म्हणून पत्र.

माझा पराक्रम ऐक. पोहण्याच्या तलावावरचा कॉम्प्युटर मीच सांभाळतो, त्यामुळे अप्पांचं सभासदत्व बंद करायचं कामही माझ्याच गळ्यात आलं. नोंद 'बंद' केली तरी लगेच पक्की होत नाही. कमिट म्हटलं की कायमची. रोलबॅक म्हटलं की जणू काही झालंच नाही. मी आपला रोज बंद करतो, त्यांचं नाव पुसट झालेलं बघतो, की रोलबॅक. म्हटलं, यात कुणाचं काय जातंय?

जात होतं. नोंद बदलताच आपोआप मेसेज पाठवणारा ट्रिगर मीच बसवलाय, आणि (अतिशहाणा त्याचा बैल रिकामा) तो कमिटची वाट न बघणारा ठेवलाय, का तर मुख्य काम अडलं तरी निरोप अडू नये. रोलबॅकने नोंद परत येते, गेलेला निरोप येत नाही. सभासदत्व बंद झालं की लॉकर रांगेतल्या पहिल्याला मिळतो, आणि अप्पांच्या लॉकरसाठी रांगेत पहिले आहेत एक निवृत्त मास्तर. 'लॉकर तुमचा' असं वाचून ते बिचारे टॉवेल, पोहण्याचा चष्मा आणि स्वतःचं कुलूप घेऊन हजर. मी म्हणायचं, काका, चूक झाली. दुसऱ्या दिवशी परत तेच. काल लॉकरच्या जाळीतून त्यांना अप्पांची निळी टोपी दिसली. कुणाची म्हणून विचारलं, मी सांगितलं. 'राहू दे मग, मला कुठे घाई आहे,' म्हणाले आणि कुलूप खिशात घालून न पोहताच घरी गेले. मला फार रडू आलं गं.

तुझा,
धाकटा

ता.क. रविवारी येशील का? टोपी तू काढ, कमिट मी करतो. एकट्याने होत नाही.

ता.क. दुसरा : पाकीट बंद करण्याआधी ट्रिगर पुन्हा तपासला. निरोप दोघांना जातो. एक रांगेतल्या पहिल्याला, दुसरा सभासदाने दिलेल्या घरच्या नंबरावर. अप्पांनी तिथे तुझा नंबर दिलाय. म्हणजे वडिलांचं सभासदत्व बंद झाल्याचं तू रोज वाचतेस, आणि संध्याकाळी फोन करून मला फक्त 'जेवलास का' एवढंच विचारतेस.