दातांच्या डॉक्टरांच्या दारात चार्ज झालेली गाडी

तीर्थरूप दादा,

कंबर धरली आहे, म्हणून साष्टांग नमस्कार खुर्चीत बसूनच घालते आहे. तुझी तब्येत कशी आहे? (हे वहिनीला विचारते आहे, तू खरं सांगणार नाहीस.)

विजेची गाडी घ्यावी, की प्लगही लावता येतो आणि पेट्रोलही घालता येतं अशी घ्यावी, असं तू विचारलंस. आम्ही निव्वळ विजेची घेतली. विकणारा म्हणाला होता, एकदा चार्ज केली की तीनशे किलोमीटर बघायला नको. हे तीनशे किलोमीटर एकट्या सडपातळ माणसाचे, एसी बंद ठेवून, सपाट रस्त्यावरचे असतात, हे आम्हाला गेल्या रविवारी कळलं. तू सुचवलेलं स्थळ पाहायला नणंदबाईंना घेऊन निघालो होतो. (वय छत्तीस, ग्रंथपाल, आजवर अकरा जणांना नकार.) मागे सासूबाई आणि त्यांच्या चार पिशव्या. चढ लागला आणि पडद्यावरचा आकडा लिफ्टसारखा खाली यायला लागला. ह्यांनी एसी बंद केला, मग रेडिओ, आणि मग घामाघूम होऊन म्हणाले, "आई, जरा कमी बोल, चार्ज वाचेल." सासूबाई खरंच गप्प बसल्या! (लग्नाला एकोणीस वर्षं झाली, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.)

चार्जिंगचं यंत्र सापडलं. त्यावर 'लवकरच सुरू होत आहे' अशी पाटी होती आणि पाटीला गंज चढला होता. शेवटी तीन टक्क्यांवर, बाहेरच्या भिंतीवर प्लग दिसला म्हणून, एका दातांच्या डॉक्टरांच्या दारात थांबलो. सुट्टी असल्याने ते बनियनवर झाडांना पाणी घालत होते. म्हणाले, "लावा की. पण घरी पोचण्याइतकी भरायला पाच तास जातील."

पाच तास, दादा! तेवढ्यात सासूबाईंची हलणारी दाढ निघाली. हे पेशंटच्या बाकावर आडवे होऊन घोरले. आणि डॉक्टरांचं पुस्तकांचं कपाट पाहून नणंदबाईंना राहवेना. दोघं जमिनीवर बसून पुस्तकं लावत होती, भांडत होती, खिदळत होती. गाडी भरली म्हणून सांगायला गेले, तर ही म्हणते, "वहिनी, अजून थोडी भरू दे ना." ते ऐकून सासूबाई तोंडातल्या कापसासकट काहीतरी बोलल्या. काय ते कळलं नाही, पण डोळे पुसत होत्या.

काल डॉक्टर स्वतः घरी येऊन विचारून गेले, आणि बाई चक्क हो म्हणाली! आनंदाच्या भरात ह्यांनी गाडी दोनदा धुतली.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
धाकटी

ता.क. वाटेत भरवशाची यंत्रं नसतील आणि लांबचे प्रवास असतील, तर दोन्हीवर चालणारी घे. घरात कुणी लग्नाचं असेल, तर मात्र निव्वळ विजेचीच.

आणखी एक. तू सुचवलेल्या त्या मुलाकडे आम्ही 'गाडी अडकली, पुढच्या रविवारी येतो' एवढंच कळवलं आहे. पत्र मिळेल तेव्हा तो रविवार उद्यावर आलेला असेल. तो तुझ्या साहेबांचा सख्खा भाचा, तेव्हा साहेबांना काय ते तूच सांग. मीच सांगितलं असतं, पण मला मेलीला फारसं बोलता येत नाही.