सनदेसोबतची चिठ्ठी

यावोर्नोव, १९ ऑक्टोबर २००७

प्रिय रुझेना,

आपल्या सरपंचाचं जाड पाकिटातलं पत्र तुला या आठवड्यात येईल. ते फोडण्याआधी माझं हे वाच. आपल्या पोस्टातली बाई पत्ता वाचताना ओठ हलवते, म्हणून मी हे शेजारच्या गावी जाऊन टाकणार आहे. हसू नकोस. या गावात काहीतरी शिजतंय आणि मला सोडून सगळ्यांना त्याचा वास येतोय, असं मला गेले दहा दिवस वाटतंय.

तर झालं असं. 'बाजारगाव' हा आपला दर्जा बावन्न वर्षांनी परत मिळाला, त्या आनंदात नगरभवनाच्या बुरुजाची डागडुजी काढली. टोकावरचा तांब्याचा गोळा खाली आणला आणि रीतीप्रमाणे भर चौकात उघडला. आत शहात्तर सालची नळी, पुढच्या पिढ्यांसाठी कागद घालून बंद केलेली. तेव्हा मास्तरीण म्हणून मीच लिहिलेली गावाच्या भूगोल-इतिहासाची चार पानं त्यात होती: दोन ओढे, ग्रॅनाइटची टेकडी, बटाटा, अंबाडी, माणसं एक हजार एकशे बारा, आणि रेल्वे आपल्याला टाळून पलीकडून गेली ती जुनी रड. त्या पानांत गुंडाळलेली निघाली सनद. होय, आपली सनद, राजानं सोमवारच्या बाजाराची दिलेली, मेणाच्या मोहरेसकट! सोबत छापील अक्षरांत चिठ्ठी होती: 'जिल्ह्यानं नेऊ नये म्हणून ही मी लपवली. रुझेना मालकोवा.'

चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. खाटकाची व्लास्ता पदर नाही म्हणून बाहीनं डोळे पुसत म्हणाली, "आपली रुझेना! मला तेव्हाच खात्री होती." चौऱ्याहत्तरमध्ये हीच बाई तुला 'चोरटी' म्हणून रस्ता ओलांडून जायची. मला चांगलं आठवतं. मी तिला काही बोलले नव्हते, हेही आठवतं.

आता सेंट मार्टिनच्या जत्रेला तुझ्या नावाची पाटी लागणार आहे. भाषण मी करायचं, असं सरपंच हिनेकचं म्हणणं. मीच का? शाळेत ज्याला डॅन्यूब नकाशावर सापडली नाही, तो आता माझ्याकडे बघून गालात हसतो. बेकरीवाली परवा खसखशीचा एक गोड पाव, कोलाच, जास्त घालून म्हणाली, "घ्या बाई, मैत्रिणीच्या नावानं." माझ्या मनात पाल चुकचुकली. हिला काय म्हणायचंय? कोलाच मी शेजारणीच्या कोंबड्यांना घातला.

आणि ती रादका, वाचनालयातली. माझ्याच हाताखाली शिकलेली, पण चौकस. परवा हिनेकच्या देखत मला विचारते, "बाई, रुझेनाबाई चौऱ्याहत्तरलाच ओस्त्रावाला गेल्या ना? मग नळी शहात्तरला भरली, तेव्हा त्यांनी सनद आत ठेवली कशी?" हिनेक उसळला. "अगं, आली असेल! आगगाड्या काय बंद पडल्या होत्या? सणासुदीला खुसपट काढू नकोस." मी मान डोलावली. रादका माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून मी वाचनालयाच्या रस्त्यानं जात नाही.

चौऱ्याहत्तरच्या त्या दिवसाची मला रोज आठवण येते. नगरभवनातली तुझी ती संग्रहालयाची खोली, गोठलेल्या खिडक्या, आणि तू काचेच्या पेल्यात कॉफी ओतत जिल्ह्याला शिव्या घालत होतीस. त्यांनी आपलं कोर्ट नेलं, शाळेचे वरचे वर्ग नेले, आता सनदही नेणार. "मेलं तरी देऊ नये," असं तू म्हणालीस. आपण दोघी म्हणालो. चार दिवसांनी सनदेचं कपाट रिकामं निघालं. किल्ली फक्त तुझ्याकडे, म्हणून जिल्ह्याची माणसं तुलाच घेऊन गेली. परत आलीस तेव्हा नोकरी गेली होती, आणि वसंत येईतो तू ओस्त्रावाच्या धोबीखान्यात चादरी उकळत होतीस.

किल्ली तुझ्या कोटाच्या खिशातून मी काढली होती, रुझेना. तू पाणी आणायला गेलीस तेव्हा. सनद मी नेली, आणि तू यायच्या आत किल्ली परत खिशात ठेवली. गावासाठीच नेली, आणि आठवडाभरात तुला सांगणारही होते. पण तुला त्यांनी नेलं आणि माझी वाचा बसली. दोन वर्षं ती माझ्या गादीत होती. नळीत मीच ठेवली. चिठ्ठीही माझी. आता सगळे म्हणतील, विल्मानं मैत्रिणीला मान दिला. तसलं काही नव्हतं. कुणी नळी उघडलीच तर त्यांनी पुन्हा तुझ्याच दारी जावं, माझ्या नाही, म्हणून मी तुझं नाव लिहिलं. तुझं नाव तसंही बुडालेलं होतं, एवढाच हिशेब केला मी. मंगळवारी मी हिनेककडे जाऊन हे सांगणार आहे, पाटीवर कुणाचंच नाव नको म्हणून. पण त्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं, तेहेतीस वर्षं उशिरा का होईना. मला क्षमा नको, ती मागायची लाज वाटते. एकच सांग. दर नाताळला तुझं कार्ड येतं, त्यात तू हवा विचारतेस, माझे गुडघे विचारतेस, पण सनदेचं एकदाही विचारलं नाहीस. मी सगळ्या गावावर संशय घेतला, तुझ्यावर घ्यायची हिंमत झाली नाही. तुला पहिल्यापासून ठाऊक होतं का गं?

तू म्हणू देशील तर तुझीच,
विल्मा