दारव्ह्याला उतरणारा भीमराज

२ फेब्रुवारी, सोमवार

पुन्हा दारव्हा! भीमराज दिग्रसहून यवतमाळला मुलाखतीला निघाला, अर्ध्यातच दारव्ह्याला उतरला, उसाचा रस प्यायला अन् परत आला. मागच्या वेळीही तेच, त्याआधीही तेच. वायरमनचा आयटीआय झालेला पोट्टा, कामात एक नंबर, पण मुलाखत म्हटली की पोटात गोळा.

"काहून उतरला रे?"

"मॅडम, पाय आपोआप उतरले."

आपोआप म्हणे! मुलाखत काय पायांची होती?

आता दहा तारखेला मोटार रिवाइंडिंगच्या कारखान्यात बोलावलंय. बापानं सांगून टाकलंय — यावेळी कारखान्यात तोंड न दाखवता परत आला, तर काकाच्या पानठेल्यावर बसायचं. अन् या पोट्ट्याला तर तारांशिवाय दुसरं काही सुचत नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

विहारामागच्या खोलीतला आमचा मुलाखतीच्या तयारीचा संध्याकाळचा क्लास. सुरुवातीला सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घेते, "घाबरायचं नाही!" पोट्टे म्हणतात, पण चेहरे असे की आत्ता कोणी दात उपटणार आहे. नाहिद तर नुसते ओठ हलवते. मेकॅनिक जफरभाईंची पोरगी. दिवाळीपासून येतेय, अजून आवाज ऐकला नाही तिचा.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सुचलं! आख्खा क्लासच बसमध्ये बसवते. भीमराज खिडकीत, शेजारी क्लासमधलाच त्याचा दोस्त आसिम, मागच्या सीटवर मी. आता उतर कुठं उतरतो ते!

१० फेब्रुवारी, मंगळवार

बाप रे बाप, काय दिवस गेला!

पोट्टा मजेत होता. आसिमसोबत क्रिकेटच्या गप्पा, खी खी चाललेली. दारव्हा जवळ आलं तशी मी मागून वाकले, "भीमराज, घाबरायचं नाही हं." झालं! गप्पा बंद. बस स्टँडात लागली न हा उठला. मी मागे मागे. "पाणी पी. लंबा श्वास घे. घाबरला का? खरं सांग, घाबरला का?" तो पार दाराशी! तेवढ्यात कोणीतरी कडाडलं —

"मॅडम, तुम्ही बसा न खाली!"

आख्खी बस वळून पाहायला लागली. नाहिद! उभी राहिली होती, अन् थांबेना. "दारव्ह्यापर्यंत चांगला राह्यते तो. मंग तुमचा फोन येते — कुठं पोचला, घाबरला त नाही? त्यानंच सांगतलं आम्हाले. तुम्ही आठवण करून देता, म्हणून घाबरते!"

खरंच की. दरवेळी बस दारव्ह्याला पोचायची वेळ साधून मीच फोन करत होते. धीर द्यायला! इतकी लाज वाटली की काय सांगू. गुपचूप बसले. भीमराजनं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा नाहिदकडं, मग फिस्सकन हसला. अन् येऊन बसला!

यवतमाळपर्यंत मी तोंड उघडलं नाही. आसिमला वाटलं माझी तब्येत बिघडली. भीमराज कारखान्यात गेला, बाहेर आला. कसं झालं ते विचारायला जीभ वळवळत होती. नाही विचारलं!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

भीमराजला घेतलं नाही. वरणात मीठ टाकायचं विसरले. रडले थोडी.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

क्लासला आला. मी गप्प, तोच बोलला. "मॅडम, साहेबानं मोटर खोलून दाखवायले लावली. मी दाखवली. एकाले घ्याचं होतं, दुसऱ्याले घेतलं." बस, एवढंच. बापानं पानठेल्याचं महिनाभर पुढं ढकललंय — "गेला त सही," म्हणाले म्हणे. आजपासून क्लासमधलं "घाबरायचं नाही" बंद!

१७ फेब्रुवारी, मंगळवार

भीमराज पुसदला निघाला. मुलाखत त्यानंच फोन करून ठरवली. मी नाहिदला घेऊन स्टँडवर गेले, बसच्या पायरीवर पाय ठेवला, "येते ना मी सोबत."

खिडकीतून म्हणतो, "मॅडम, बसा न खाली."

बसले बाकावर. गाडी सुटली. नाहिदनं माझ्या हातातला फोन काढून घेतला अन् हसून म्हणाली, "घाबरायचं नाही, मॅडम."

अन् खरं सांगते — तेवढ्यानंच माझ्या पोटात गोळा आला!