पाणी उतरलंय ह्याचं

प्रिय दादा,

तुझे वकील काल घरी येऊन गेले. खुर्चीवर धड टेकले नाहीत तोच माझी साक्ष माझ्याकडून घोकून घ्यायला लागले, मी जणू पहिलीतलं पोर. कोर्टात मी दोनच गोष्टी सांगायच्या म्हणे. एक, मास्तरांनी चारचौघांत तुझा पाणउतारा केला आणि तो मी माझ्या कानांनी ऐकला. दोन, तू एकच घाव घातलास, तोही रागाच्या भरात, आणि जबडा मोडला तो खाली पडताना दगडावर आपटून. एवढं बोललात तर भाऊ लवकर सुटेल, नाहीतर केस पांढरे करूनच बाहेर येईल, असं म्हणून वर त्यांनी मला डोळे पुसायला रुमालही पुढे केला. माझ्या हातात उकळत्या चहाची किटली होती. ती त्यांच्या टकलावर ओतावी असं फार मनात आलं. शेवटी तुझीच बहीण ना मी! ओतली नाही. सोमवारी येते म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मी सगळं विसरले असं समजू नकोस. आई गेल्यावर बाबांचा पट्टा खुंटीवरून निघाला की तू मला कपाटामागे ढकलायचास आणि स्वतः पुढे उभा राहायचास. बक्कल तुझ्या पाठीत रुतायचं तो आवाज मला कपाटामागे ऐकू यायचा, पण तू हूं की चूं करायचा नाहीस. एकदा मला लपायला उशीर झाला आणि पट्टा माझ्या मानेवर बसला. त्या दिवशी तू बाबांचा हात धरून पिरगळलास, वाळकी काटकी मोडावी तसा तो मोडला. बाबा गुरासारखे ओरडले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पुढे गल्लीतल्या त्या टारगटाने माझी वेणी ओढली, तर त्याचे पुढचे दात तू त्याच्याच तळहातावर ठेवून त्याला घरी पाठवलंस. शेजारीण म्हणायची, भाऊ असावा तर असा. मीही तेच म्हणत आले. आणि लग्न मात्र केलं ते अशा माणसाशी की ज्याला डास मारणंही जिवावर यायचं. तू हसला होतास. ठमे, मास्तर म्हणजे गणिताचं पुस्तक, उघडलं की झोप येते, असं म्हणाला होतास. तरी त्याच पुस्तकात तू अडकलास की नाही?

काय वेडे होतात रे तुम्ही दोघं! मास्तरांनी कागदावर विमान काढायचं आणि तू ते लोखंडाच्या नळ्यांचं करून दाखवायचं. आपल्या शेडमध्ये त्याचा सांगाडा उभा राहिला, मी त्याच्या पंखांवर कापड ताणून चढवलं, माझी बोटं लुकणाने चिकटून बसायची. शाळेतून आले की मास्तर हात न धुता शेडमध्ये. तुझ्या तोंडचे कारागिरीचे शब्द उचलायचे आणि जेवताना माझ्यावर फेकायचे, जसे काही जन्माचे लोहार. तू त्यांची नक्कल करायचास आणि मी हसून लोळायची. कटकट होती ती एकाच गोष्टीची, शेपटीच्या चाकाची. ते चाक ज्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्याच्या टोकाला आहे त्याचा बाक चुकला होता, त्यामुळे जमिनीवर धावताना चाक तापाने फणफणल्यासारखं थडथडायचं. मास्तर म्हणत होते, पाटा काढू, पाटेवाल्याकडे देऊ, तो भट्टीत घालून नीट बाक देईल. तू म्हणालास, तुमच्या चालीने गेलो तर हे विमान माझा नातू उडवेल. आणि एके दिवशी मास्तर शाळेत असताना थडथड बंद झाली. पाटा पुन्हा जागेवर, वरून काळा रंग. कसं केलंस असं त्यांनी विचारलं तर तू डोळा मारलास, हाताची जादू म्हणालास. त्यानंतर दरवेळी उतरल्यावर शेपूट जरा जास्तच खाली बसतेय असं मास्तर म्हणायचे. तू कानाडोळा करायचास.

त्या दिवशीचं तुला आठवतं का, की राग आला की तुझ्या डोळ्यांपुढे खरंच अंधार येतो, ते मला माहीत नाही. मला आठवतं. तू उतरलास, छान उतरलास, शेपूट टेकली आणि काडकन आवाज झाला. पाटा तुटला होता. विमान वेड्या बैलासारखं स्वतःभोवती फिरलं, डावा पंख कुंपणात घुसला, तारा तुटून हवेत सपकारल्या. मैदानाचा राखणदार आणि मी धावत सुटलो. तू बाहेर आलास तेव्हा कपाळ फुटलं होतं, रक्त भुवईवरून गळत होतं. मास्तर तुझ्याजवळ आले, तुझे दोन्ही खांदे चाचपले, आणि मग गेले शेपटीकडे. पोटावर झोपले. निम्मा पाटा विमानाला तसाच आवळलेला होता, उरलेला निम्मा चाकासकट सुकाणूच्या साखळ्यांना लोंबकळत होता. तुटलेल्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला, मान वर केली आणि म्हणाले, पाणी उतरलंय ह्याचं. राखणदार खो खो हसला. तू त्याच्याकडे पाहिलंस, मग मास्तरांकडे. मास्तर गुडघ्यांवर उठत होते. तू साखळ्या हिसडून तोडल्यास, तो पाटा चाकासकट दोन्ही हातांनी उचललास आणि त्यांच्या डोक्यात घातलास. कलिंगड पडावं तसा आवाज आला. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली, ओठांवर खारट लागली. राखणदार बोंबलत फाटकाकडे पळाला. मी मास्तरांच्या डोक्याला माझ्या दोन्ही तळव्यांनी दाबून धरलं होतं आणि माझ्या बोटांखाली कवटी हलत होती, दादा. हलत होती.

वाचले ते. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तार बांधलेल्या जबड्यातून एकच अक्षर यायचं, पा. मला बघितलं की पा, डॉक्टरांना बघितलं की पा पा. मी पाणी आणायची. ते तोंड फिरवायचे. नर्स पाणी आणायची, ते डाव्या हाताने पेला उडवून लावायचे. भिंतीवर किती काचा फुटल्या विचारू नकोस. एकदा माझं डोकंच फिरलं. मागायचं तुम्हीच आणि फेकायचंही तुम्हीच, म्हणून मी त्यांचं डोकं मागे दाबून धरलं आणि पाणी बळेच घशात ओतलं. ठसका लागून ते निळे पडले. नर्सने मला ढकलून बाहेर काढलं नसतं तर तुझं अर्धं राहिलेलं काम मीच पुरं केलं असतं. बाहेर बाकावर बसून मी माझ्याच हातांना चावले.

घरी आणलं तरी तेच. खिडकीतून शेडकडे बघायचे आणि पा. विमान कुणीतरी ओढून परत शेडमध्ये लावलं होतं, शेपूट जमिनीवर टाकून. मला ते डोळ्यांसमोर नको झालं. एका सकाळी मी तुझा घण उचलला. म्हटलं, चेंदामेंदा करते ह्याचा, नको ते विमान नि नको ती आठवण. पहिलाच घाव इंजिनाच्या टपावर घातला, पत्रा आत गेला. दुसऱ्यासाठी घण डोक्यावर नेला तेवढ्यात मागून किंकाळी आली. मास्तर खुर्चीतून खाली पडले होते आणि कोपराने सरपटत दारापर्यंत आले होते. हनुवटी सोललेली. शेपटीकडे बोट करून पा, पा. त्यांना उचलून बसवलं, घण फेकला आणि म्हटलं, ठीक आहे बाबा, ती शेपूट नीट करते, मग तरी गप्प बसा.

शेपटीखाली टेकू लावला, पुढच्या चाकांना ठोकळे दिले, आणि विमानाला राहिलेला निम्मा पाटा आवळून धरणारी पट्टी सोडवायला बसले. बोल्ट काही सुटेना. पान्यावर उभी राहून नाचले, तुझ्या नावाने शिव्या घातल्या, तेव्हा कुठे तो करकरला. पट्टी निघाली. तिच्याखाली तुझा काळा रंग पोचला नव्हता. पोलादावर पट्टे होते, आधी निळा, मग जांभळा, मग पिवळट, तेलाचा तवंग दिसतो तसे. सुंदर दिसत होते मेले. मला काहीच कळलं नाही. मास्तर मात्र डाव्या मुठीने खुर्चीच्या दांड्यावर ठोकत होते.

तो तुकडा घेऊन मी पाटेवाल्याकडे गेले, म्हटलं ह्याच मापाचा नवीन करून द्या. ट्रकांचे पाटे घडवणारा माणूस, तोंडाने फटकळ. त्याने तुकडा उजेडात धरला आणि माझ्यावरच खेकसला. कोणत्या गाढवाने ह्याला गॅसची ज्योत लावून वाकवलं? पाणी उतरलंय ह्याचं! जिथे पाणी उतरतं तिथे पोलाद मऊ पडतं, मऊ पडलं की वाकत राहतं, वाकून वाकून चीर जाते आणि एक दिवस तुटतं, माणूस मेला नाही हे नशीब समजा. तो बोलत होता आणि मी त्याच्या ऐरणीला धरून उभी होते. तेच शब्द. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मास्तर तुझ्याबद्दल बोललेच नव्हते रे. ह्याचं म्हणजे पाट्याचं, तुझ्या त्या हाताच्या जादूने उतरलेलं. आणि हा माणूस इतके दिवस पाणी पाणी म्हणून जीव तोडत होता आणि मी पेले भरत होते.

घरी येऊन मी तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, पाणी उतरलंय ह्याचं, हेच ना? ते माझ्या हातावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. त्यानंतर पा म्हणाले नाहीत.

नवा पाटा बसवला. पाटेवाल्याने बाक नेमका दिला आहे. जुनं चाक पोलिसांकडे, म्हणून चाकही नवं चढवलं, पट्टी आवळली, बोल्टाला नवा नट लावला, साखळ्या नव्या जोडल्या, सुकाणू हलवून पाहिलं तर चाक मुकाट्याने वळतं. मास्तरांनी डाव्या हाताने प्रत्येक नट तपासला आणि एक मला पुन्हा आवळायला लावला. मास्तर ते मास्तरच! शेपूट आता उंच उभी आहे. हे सगळं करताना माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. राखणदाराला ते शब्द टोमणा वाटले, त्याचं काय चुकलं? मलाही तसेच वाटले होते, रक्त अंगावर उडाल्यावर माणूस अर्थ लावत बसत नाही. पण तू? लहानपणी माझ्यासाठी करवतीच्या पात्याची सुरी केलीस तेव्हा ती लाल तापवून पाण्यात बुडवलीस, पोलादाला पाणी द्यायचं म्हणजे काय, हे मला तूच दाखवलं होतंस. मास्तर तो शब्द शिकले ते तुझ्याच तोंडून. तुला पाणउतारा वाटला असेल? दिवसभर पोलाद तापवणाऱ्या माणसाला?

आता हे पत्र कशाला, ते सांगते. सोमवारी मी तो निळा तुकडा पिशवीत घालून कोर्टात येणार आहे. मास्तर काय म्हणाले ते सांगेन, आणि ते कशाबद्दल म्हणाले तेही सांगेन. माझ्या तोंडून तुला ते पिंजऱ्यात उभं राहून पहिल्यांदा ऐकावं लागू नये, एवढं मी तुझं देणं लागते. बक्कलाचे वळ माझ्या वाट्याचेही तू घेतलेस, म्हणून लिहितेय, नाहीतर एक ओळ लिहिली नसती. आणि दगडाचं सांगू नकोस दादा, तिथे दगड नव्हता. राखणदार पळाल्यावर तिथे आपण तिघंच होतो. मास्तर माझ्या मांडीवर पडले होते, हात पसरलेले, कुणावर हात उचलायची ताकद उरली नव्हती. तुझ्याकडे बघून ते पुन्हा तोंड उघडत होते, गॅस एवढा शब्द निघाला होता, आणि तू पाटा परत उचललास आणि बरोबर त्यांच्या तोंडावर हाणलास. पहिला घाव रागाचा होता असं मी आयुष्यभर म्हणेन, शपथेवर म्हणेन. दुसरा कशाचा होता, ते सोमवारी माझ्या आधी तू उठून सांग. तू सांगितलंस तर सुटशील तेव्हा फाटकापाशी मी उभी असेन, कितीही वर्षांनी. नाही सांगितलंस, तर मी सांगेन, आणि तुझ्याकडे बघून सांगेन.

अजूनही तुझीच,
ठमी