काठावरच्या चपला

१२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत भांडायला लागतो आणि मूळ मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून कागद घेतला.

तुम्ही सगळ्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या या गावात आम्ही आता बऱ्यापैकी रुळलो. मी तेव्हा सात महिन्यांची, त्यामुळे मला काही ओळखू येईल असं नव्हतंच. तू म्हणायचीस तो जुना पोहण्याचा तलाव बुजवून तिथे बसचं आगार केलंय. नवा तलाव आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. मला चौकातल्या औषधांच्या दुकानात काम मिळालं. डॉक्टरांची अक्षरं लावून लावून डोळे चुरचुरतात, पण माणसं बरी आहेत.

खरी बातमी अशी, की माझी लेक, आपली बेडकी, इथल्या पोहण्याच्या संघात निवडली गेली. तू ठेवलेलं नाव तिने टोपीवर स्वतःच लिहून घेतलंय, आता भोग. संघाला दोन प्रशिक्षक आहेत. एक बाई, चाळिशीच्या, आवाज असा की खोल टोकाला हाक मारली तर आमच्या दुकानात कळावी. त्या मुलांबरोबर पाण्यात असतात. दुसरे सर, साठी उलटलेले, मुख्य तेच. पँट इस्तरीची, गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच. मुलाचा खांदा बोटभर जरी वाकडा पडला तरी त्यांना काठावरून दिसतो. बोलताना मात्र तोंडाकडे इतकं टक लावून बघतात, की माझ्या दातात काही अडकलंय की काय असं मला वाटत राहतं.

त्यांचं एक खूळ आहे. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकाने चपला काठावर, ठरलेल्या जागी, टोकं पाण्याकडे करून ठेवायच्या. सुटी झाली की सर मुलं मोजत नाहीत, चपला मोजतात. परवा बेडकी अनवाणीच फाटकापर्यंत आली. मागून सर तिच्या चपला हातात घेऊन धावत आले, या वयात. तिला रागावले नाहीत. खाली बसून स्वतः तिच्या पायात चपला घातल्या.

आणखी एक. दोन महिन्यांत सरांना मी पाण्यात उतरलेलं एकदाही पाहिलं नाही. तुला काय वाटतं? आई सांगायची, तूही लहानपणी पोहायचीस. मग सोडलंस का?

उत्तर सविस्तर लिही, चार ओळींत गुंडाळलंस तर पुढचं पत्र मी कोरं पाठवीन.

तुझी धाकटी

१९ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. बेडकीला माझ्याकडून एक पापा आणि केस नीट पुसायची ताकीद. इकडे परीक्षेचे गठ्ठे तपासणं चालू आहे. सातवीच्या एका विद्वानाने पृथ्वीला दोन सूर्य बहाल केलेत, ते एक बरं झालं, माझी झोप तरी उडाली.

तुझ्या त्या सरांचं मला काही पटलं नाही. मुलांना पाण्यात सोडायचं आणि आपण कोरड्या पँटीत उभं राहायचं, हे कसलं शिकवणं? वेळ आली तर हा माणूस काय शिट्टी वाजवत बसणार? तू भिडस्त आहेस, गप्प बसशील. बसू नकोस. चार पालक गोळा कर आणि तलावाच्या समितीला रीतसर लिहून दे. बाबा असते तर एव्हाना अर्ज गेलासुद्धा असता.

माझ्या पोहण्याचं काय सांगायचं, एक उन्हाळा गेले आणि सोडलं. पाण्याचं मला पुढे जमलं नाही.

कोऱ्या पत्राची धमकी देऊ नकोस, इतकं गप्प राहणं तुला झेपायचं नाही. सगळ्यांची आठवण काढते, तुम्हीही काढत जा.

तुझी ताई

२ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसंच झालं, आणि त्याहून वाईट झालं.

गेल्या मंगळवारी सराव चालू असताना बेडकीच्या पोटरीत गोळा आला. मध्यावर होती. मी पायऱ्यांवर बसले होते, मला तिची टोपी दोनदा खाली गेलेली दिसली. सर तिच्यापासून दहा हातांवर उभे होते. त्यांनी शिट्टी फुंकली, लांब काठी पुढे केली आणि तिथेच उभे राहिले. उडी मारली ती बाईंनी, पलीकडच्या टोकावरून. बेडकी ठीक आहे, संध्याकाळी धिरडी मागत होती. पण माझ्या डोळ्यांपुढून तो काठावर उभा माणूस हलत नाही.

दुसऱ्याच दिवशी सर दुकानात आले. कानाचे थेंब हवे होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खाली रेघ मारून लिहिलेलं, कानात पाणी अजिबात जाऊ देऊ नये. पोहण्याच्या प्रशिक्षकाला. मी बाटली त्यांच्या हातात दिली आणि चिठ्ठीवरची ती ओळ पुन्हा वाचली.

त्याच दिवशी अर्ज लिहिला, चिठ्ठीवरचं ते वाक्यही त्यात घातलं. बाबांचा हात माझ्यात उतरलाय म्हणतात, तर दीड पान झरझर झालं. अकरा पालकांनी सह्या केल्या. रविवारी, दहा तारखेला समिती बसणार आहे. सरांना काढावं अशी सरळ मागणी आहे.

पुढचं ऐक. समितीचे सचिव म्हणाले, या माणसाला जुन्या तलावावरूनही असंच काढलं होतं. एका मुलीला यांनी चिडून भर दुपारी अनवाणी बाहेर काढलं, तिच्या वडिलांनी लेखी तक्रार केली. त्यानंतर कित्येक वर्षं हे पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला होते. हे कळून यांना मुलं सोपवली कुणी?

सोपवली ती बाईंनी. त्या सरांच्याच जुन्या विद्यार्थिनी, त्यांनीच हट्ट करून सरांना पंपावरून परत आणलं. काल त्या माझ्याकडे आल्या. अर्ज मागे घ्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, की त्या दिवशी मुलीच्या चपला काठावर तशाच राहिल्या होत्या. मुलगी बुडाली असं समजून सरांनी खोल टोकाला तळापर्यंत चाळीसएक बुड्या मारल्या, पाणी हिरवं, काही दिसत नव्हतं. एका कानाचा पडदा फाटला. दुसऱ्यानेही पुढचे पंधरा दिवस काही ऐकू येत नव्हतं, आताही जेमतेमच येतं. आणि मुलगी आपली घरी.

बाई म्हणाल्या, सर आजही सांगतात की मी तिला बाहेर काढलं नव्हतं. पण वडिलांनी अर्जात लिहिलं होतं, यांनी माझ्यासमोर मान हलवून कबूल केलं. आता तूच सांग, स्वतः हाकललं, स्वतःच विसरले आणि तिलाच तळाशी शोधत बसले. दया येते मला, खोटं कशाला बोलू. पण अशा माणसाच्या भरवशावर बेडकीला सोडू?

तुझं मत रविवारच्या आत कळव. माझं डोकं चालेनासं झालंय आणि ते नेहमीप्रमाणे तुझ्याकडे पाठवते आहे.

तुझी धाकटी

६ मे, कुरिअरने

चि. धाकटीस,
आशीर्वाद लिहायला आज हात कचरतो आहे.

तीनदा फोन हातात घेतला. तोंडाने सांगता येईना, म्हणून लिहिते. एका बैठकीत वाच आणि मध्ये थांबू नकोस.

ती मुलगी मी.

तुझ्या पहिल्या पत्रातल्या चपलांपाशीच मला शंका आली होती. मी ती दाबली आणि तुला वर अर्ज करायचा शहाणपणा शिकवला. दुसऱ्या पत्राने शंकेला जागाच उरली नाही.

मी अकरा वर्षांची होते. शर्यतीच्या यादीतून सरांनी माझं नाव काढलं, कारण मी सरावाला उशिरा यायचे. मला रडू आलं आणि ते मैत्रिणींना दिसू नये म्हणून मी पंपाच्या खोलीच्या मागच्या दाराने निघाले. चपला काठावर होत्या. आणायला गेले असते तर सगळ्यांनी तोंड पाहिलं असतं. मैलभर तशीच चालत घरी आले. बाबा जेवायला आले होते. एकटी कशी आलीस, चपला कुठे, म्हणून त्यांनी आवाज चढवला. मी घाबरले आणि म्हणाले, सरांनी मला हाकललं.

तासाभराने सर दारात आले. कपडे ओलेचिंब, एका कानावर पंचा धरलेला, दुसऱ्या हातात माझ्या चपला. मी ताटावर बसले होते. मला बघून ते चौकट धरून खाली बसले आणि चपला उंबऱ्याशी ठेवल्या. बाबांनी दोनदा विचारलं, तुम्ही हिला बाहेर काढलंत का? सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

धाकटे, पस्तीस वर्षं मी ती मान जपून ठेवली आहे. मला वाटायचं, त्यांनी मला सांभाळून घेतलं. माझं खोटं ओळखलं आणि स्वतःवर घेतलं, इतका मोठा माणूस. कधी फार वाईट वाटलं की मी तेच आठवायचे. तुझं पत्र वाचून आज मला कळलं की त्यांना ऐकूच आलं नव्हतं. बाबांचे ओठ हलताना दिसले असतील. मुलगी जिवंत आहे एवढंच त्यांना कळलं, आणि त्यांनी मान हलवली.

बाबांनी अर्ज केला हे मला माहीत होतं. दहा दिवसांत त्यांची बदली झाली, आपण गाव सोडलं, अर्जाचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची म्हण. बाबा गेले ते मी खरं बोलले असं समजून गेले.

त्यांची नोकरी माझ्या जिभेने घेतली. दुसऱ्यांदा ती तुझ्या अर्जाने जाऊ देऊ नकोस. हे पत्र समितीसमोर वाच, सगळंच्या सगळं, माझी लाज राखायला एक ओळही गाळू नकोस. पाण्यात पडलेल्या मुलासाठी उडी मारणारं माणूस काठावर हवं, ही तुझी मागणी रास्तच आहे, ती सोडू नकोस. पण सरांना काढा म्हणू नकोस.

तुझा लोभ आजवर न मागता मिळाला. पुढे ठेवायचा की नाही, ते तू ठरव.

ताई

११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लोभाचं नंतर बोलू. तुझ्यावर दोन दिवस चिडून होते, आणि बाबांच्या फोटोकडे बघवत नव्हतं. आता निदान लिहिता येतंय.

कालची बैठक तलावाशेजारच्या कपडे बदलायच्या खोलीत झाली, बाकांवर ओले टॉवेल तसेच. सर कोपऱ्यात, बाई त्यांच्या शेजारी. मी उभी राहिले आणि म्हणाले, अर्जाआधी एक पत्र वाचायचंय. पहिली ओळ वाचली तसा सरांनी हात वर केला. मला वाटलं, थांब म्हणताहेत. ते म्हणाले, मान वर करून वाचा, मला तोंड दिसू द्या. तेव्हा ताई, तुझं प्रत्येक वाक्य आधी कागदावर बघून मग त्यांच्या तोंडाकडे पाहत सांगावं लागलं. 'ती मुलगी मी' हेसुद्धा. क्षणभर मलाच वाटलं, की मीच ती.

बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. सचिवांनी जुनी फाइल उघडली होती, ती तशीच मिटली. मी अर्ज मागे घेतला. नऊ पालकांनी सह्या काढून घेतल्या, दोघे अडून बसले. शेवटी ठरलं, की सर राहतील आणि सरावाला काठावर आणखी एक पोहणारा माणूस कायम असेल. सरांनी स्वतःच सांगितलं, ही मागणी मी चार वर्षं करतोय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चिठ्ठीवरचं वाक्य अर्जात घातल्याबद्दल मी त्यांची माफी मागितली. दुकानाच्या मालकांनी मला त्यावरून आधीच झापलंय, आणि ते योग्यच होतं.

तुझ्याबद्दल ते काय म्हणतील याची मला धास्ती होती. रागावतील, रडतील, निघून जातील. ते स्टॉपवॉचची दोरी बोटाला गुंडाळत बसले. मग त्यांनी मला एकच विचारलं. म्हणाले, "त्या दिवशी रस्त्याचं डांबर वितळलं होतं, आणि तिच्या चपला माझ्या हातात होत्या. तिचे पाय भाजले होते का?"

काय सांगू ते कळव.

रागावलेली, पण तुझीच,
धाकटी

१४ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

भाजले होते. दोन्ही तळव्यांना फोड आले होते. आठवडाभर मी घरात मोजे घालून फिरले, आईला दाखवले नाहीत. तिने पाय मांडीवर घेतले असते तर मी खरं बोलून गेले असते.

आजवर हे कुणी विचारलं नव्हतं.

सरांना तू काही सांगू नकोस. रविवारी सकाळी सरावाच्या वेळी मी तलावावर पोचते. त्यांच्यासमोर उभी राहून, मान वर करून, मीच सांगेन. माझ्या चपला काठावर कुठे ठेवायच्या, तेवढं बेडकीला विचारून ठेव.

तुझी ताई