खांबावरचा डोळा

४ फेब्रुवारी, सकाळ
कोपऱ्यावरच्या खांबावर कॅमेरा बसवला. कुणाला विचारून? तोंड थेट आमच्या खिडकीकडे. मी बनियनवर दात घासतो, तेही आता सरकारदरबारी जमा. शेजारचा शिंपी म्हणतो, देशाच्या सुरक्षेसाठी आहे. माझ्या बनियनपासून देशाला काय धोका? भोकं आहेत, मान्य. पण ती घरातली बाब आहे.
संकल्प: हा कॅमेरा हलवल्याशिवाय स्वस्थ बसणार नाही.

४ फेब्रुवारी, दुपार
दुकानात बसून अर्ज खरडला. कुलपं विकण्यात हयात गेली माझी, दार बंद म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. एक वाक्य फर्मास जमलं: सज्ञान माणूस कुठे जातो, कुणाला भेटतो, हे विचारायचा अधिकार त्याच्या बापालाही नाही. मोठ्यानं वाचून पाहिलं. गिऱ्हाईक निघून गेलं.
मध्येच मुलीचं लोकेशन बघितलं. कामावर, लॅबमध्येच आहे. ठीक.

६ फेब्रुवारी
अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, ज्याला काही लपवायचं नाही त्यानं घाबरायचं कशाला? कानशिलं तापली. म्हटलं, मग तुम्ही संडासाचं दार का लावता? (जिना उतरल्यावर म्हटलं. पण म्हटलं.)

९ फेब्रुवारी
बायको म्हणते, सरकारला शिव्या घालता, मग पोरीच्या फोनात ते लोकेशन कशाला बसवलंत? डोकंच फिरलं. अगं, ती काळजी! सरकार ठेवतं ती पाळत! एवढा साधा फरक कळू नये? पोरीचं कपाटसुद्धा मी फक्त वाळवी लागली का बघायला उघडतो. डुप्लिकेट किल्ली बनवणं तर आपल्या हातचं काम.

११ फेब्रुवारी
नाक कापलं. मुलीनं कपाटाला नवं कुलूप लावलं. तेही दुसऱ्या दुकानातलं! आकड्यांचं! कुलूपवाल्याच्या घरात! बाजारात कुठल्या तोंडानं फिरू?
जाब विचारला. म्हणे, बाबा, तुमच्या दुकानातल्या कुठल्याही कुलपाची दुसरी किल्ली तुमच्याकडे असतेच. मी म्हटलं, म्हणून तर लोक विश्वासानं येतात. रडायला लागली. मग माझाही आवाज चढला. लपवायचं काही नसेल तर आकडा सांग, म्हटलं. नाही सांगितला.
ती कामावर गेल्यावर तिची जन्मतारीख लावून पाहिली. मग तिच्या आईची. शेवटी माझी. छे.

१५ फेब्रुवारी
जिंकलो! कॅमेऱ्याचं तोंड फिरवलं, आता रस्त्याकडे. शिवाय साहेबांनी शब्द दिला की कुणाही सज्ञान माणसाचं चित्रण मागेल त्याला दाखवणार नाही. शिंप्याला पेढे देणार होतो, पण तो देशाच्या बाजूचा. दिले नाहीत.
मुलगी अजून बोलत नाही. येईल वठणीवर.

१७ फेब्रुवारी
सकाळपासून लोकेशन घरातच. म्हटलं, सुटी घेतली वाटतं, बरं झालं. जेवायला दुकानातून वर घरी गेलो तर फोन टेबलावर आणि कपाट सताड उघडं. रिकामं. बायको शांतपणे म्हणाली, दुसऱ्या गावात नोकरी लागली तिला, गेली. पत्ता मला ठाऊक आहे, तुम्हाला सांगणार नाही. तिनं शपथ घातलीय.
मला. तिच्या बापालाच सांगायचं नाही!

१८ फेब्रुवारी
धावत ठाण्यात गेलो. कालचं फुटेज दाखवा, कुठल्या गाडीत बसली तेवढंच बघतो, म्हटलं. साहेबांनी माझा अर्ज काढला आणि ते वाक्य मोठ्यानं वाचलं. 'बापालाही'पाशी थांबले. मग माझ्यासाठी चहा मागवला. चहा कसला मागवता!
कुचकामाचं सरकार. जनतेची सुरक्षा वाऱ्यावर सोडलीय. खांबाखांबावर चार चार कॅमेरे पाहिजेत. उद्याच अर्ज करतो.

२१ फेब्रुवारी
अर्ज केला नाही.
जेवताना बायकोचा फोन वाजला. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. मी दाराला कान लावला. फोन स्पीकरवर असावा. पोर हसत होती. एवढं खळखळून हसते ती, हे मला माहीतच नव्हतं.
बायकोला चाहूल लागली बहुतेक. तिनं नळ सोडला, पूर्ण. मग काहीच ऐकू येईना. बराच वेळ उभा राहिलो.
किती पाणी वाया जातंय. या घरात कुणाला काळजी म्हणून नाही.